पहिला पेला

“अहो, दूध करपलं! शेगडीच्या शेजारीच बसलाय ना तुम्ही?”

बायको दोरीवरचे कपडे तसेच टाकून धावत आत आली, तेव्हा काका शेगडीपासून हातभर अंतरावर खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होते. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या बुडाला काळं होऊन चिकटलं होतं. वास असा सुटला होता की शेजारणीनं खिडकीतून डोकावून विचारलं, काय झालं म्हणून.

“लक्ष नव्हतं,” काका म्हणाले.

“करपलेलं कळायला लक्ष कशाला लागतं? नाक लागतं,” बायको म्हणाली आणि पातेलं मोरीत आदळलं.

काकांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि निघाले. महिन्यापूर्वी ताप आला होता. ताप गेला, खोकला गेला आणि जाताना काकांचं नाकही घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी आहे, येईल वास हळूहळू. मग साबण नाकाशी धरून पाहिला, रॉकेलची बाटली उघडून पाहिली. काही नाही. बायकोला सांगायचं म्हणजे डॉक्टर, वाफारे आणि दोन्ही मुलींचे फोन. आणि कामावर सांगायचं तर काकांचं पोटच मुळी नाकावर चाललेलं.

शहराबाहेर एका मोठ्या आवारात भाड्यानं द्यायच्या कॅम्पर व्हॅन उभ्या असत. आवारातली माणसं त्यांना घरगाड्या म्हणत. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळा संसार, आणि बाकाखाली पिण्याच्या पाण्याची टाकी. इंजिन मेकॅनिक बघायचा, गाद्या-चादरी धुवायला वेगळी बाई होती. टाक्या काकांच्या. म्हणून त्यांचं नावच पाणीवाले काका पडलं होतं.

टाकी दिसते साधी, पण तिचे नखरे फार. पाणी आत चार दिवस पडून राहिलं की भिंतींना बुळबुळीत थर धरतो. काका झाकण उघडायचे, खांद्यापर्यंत हात आत घालून मऊ ब्रशनं कोपरा न् कोपरा घासायचे. मग पाण्यात बेतानं औषध, म्हणजे क्लोरीन, घालून टाकी भरायची आणि गाडीतला एकेक नळ उघडायचा. नळातून औषधाचा वास आला की तो बंद, पुढचा उघडा. कारण टाकी लख्ख असली तरी घाण पायपात दडून बसते. रात्रभर औषध मुरू द्यायचं, सकाळी सोडून द्यायचं, आणि वास पार जाईपर्यंत टाकी विसळून काढायची. त्यासाठी त्यांचा निळा पाइप वेगळा होता. त्या पाइपानं कुणी गाडी धुतलेली दिसली तर एरवी नाकासमोर चालणारे काका असे काही भडकायचे की मेकॅनिकसुद्धा गाडीखालून बाहेर यायचा नाही.

आणि शेवटी पहिला पेला. घरून आणलेला स्टीलचा पेला खिळ्याला टांगलेला असायचा. गिऱ्हाईक किल्ली घ्यायला आलं की त्याच्यासमोर काका नळाचं पाणी पेल्यात घ्यायचे, वास घ्यायचे, पिऊन टाकायचे आणि म्हणायचे, “गोड आहे.” तसं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण गिऱ्हाइकांना ते इतकं आवडायचं, की काही लोक त्यासाठी पुन्हा याच आवारात यायचे. मालकीणबाई म्हणायच्या, “काकांनी गोड म्हटलं की मी डोळे मिटून किल्ली देते.”

नाक गेल्यापासून काका अंदाजानं काम करत होते. हाताला सगळं पाठ होतं. नळ नेहमीइतका वेळ उघडायचा, टाकी नेहमीइतक्या वेळा विसळायची. कुणाची तक्रार आली नव्हती. पेला नाकाशी नेऊन खोटाच श्वास ओढताना त्यांना चोरासारखं वाटायचं, पण ते ओढायचे.

त्या दिवशी एक तरुण जोडपं आलं. बाईच्या कडेवर तान्ही मुलगी. गाडी बरेच दिवस एका कोपऱ्यात उभी होती. काकांनी दोन दिवस खपून तिची टाकी धुतली होती. त्यांनी पेला भरला, हुंगला, पिऊन टाकला.

“गोड आहे.”

नवरा हसला. त्याची बायको आत जाऊन पिशवीतली दुधाची बाटली काढून विसळू लागली. तिनं गरम पाण्याचा नळ उघडला आणि थबकली.

“काका, या पाण्याला वास येतोय.”

“नवीन पाइप आहेत ताई. दोन दिवस येतो तसा वास.” काकांच्या तोंडून निघून गेलं. पाइप काही नवीन नव्हते.

“पायपाचा नाही हो. फुलदाणीत पाणी कुजतं ना, तसा येतोय.”

काकांनी नळाखाली ओंजळ धरली आणि नाकाशी नेली. कोमट पाणी बोटांमधून गळून गेलं, बाकी काही कळलं नाही. पण काय झालं असेल ते मात्र लख्ख कळलं. गरम पाण्याच्या नळामागं गीझर असतो. त्यातलं जुनं पाणी जाऊन औषध नळाशी पोचायला वेळ लागतो, किती ते नेमकं सांगता येत नाही. नाकच सांगतं. त्यांनी नळ आधीच बंद केला होता. जुनं पाणी गीझरमध्ये तसंच बसलं होतं.

बाई बाटली हातात धरून उभी होती. आईच्या खांद्यावरून ती मुलगी काकांकडे टकामका बघत होती. काकांना स्वतःची लाज वाटली.

“ताई, ते पाणी ओतून टाका,” ते म्हणाले. “पाइप नवीन नाहीत. खोटं बोललो मी. मला वास येत नाही. महिना झाला.”

“अहो, मग आत्ता तुम्ही हुंगून गोड म्हणालात ते?” नवऱ्यानं विचारलं.

“सवयीनं म्हणालो.”

नवरा तावातावानं ऑफिसात गेला. त्याचं काही चुकलं नाही. थोड्या वेळानं मालकीणबाई आल्या. त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

“काका, मला सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर टाक्या काढून घेतल्या असत्या.”

“हो,” त्या म्हणाल्या. “आताही काढाव्या लागतील. उद्यापासून टाक्या मेकॅनिक बघेल. तुम्ही गाड्या बाहेरून धुवा. पगार तोच राहील.”

“चालेल,” काका म्हणाले. “पण ही एवढी टाकी मला पुरी करू द्या. बिघडवली मी, नीट करून मीच देतो. वास घ्यायला माणूस आणतो.”

जोडप्याला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत काकांनी टाकी परत घासली, औषध भरलं, सगळे नळ मेकॅनिककडून हुंगवून घेतले. घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली.

मग म्हणाली, “म्हणजे इतके दिवस भाजीची वाहवा करत होतात ती?”

“सवयीनं,” काका म्हणाले आणि दोघंही हसले. मग ती पदरानं डोळे पुसू लागली.

सकाळी ती त्यांच्यासोबत आवारात आली. काका टाकी विसळत होते आणि ती एकेका नळापाशी वाकत होती. “येतोय अजून. अजून येतोय. हं, आता नाही.” गरम पाण्याच्या नळापाशी तिनं काकांना तीनदा परत पाठवलं.

“बास की आता,” काका म्हणाले.

“जन्मभर म्हणालात माझ्या कामात नाक खुपसू नकोस. आता बोलावलंय तर खुपसू द्या.”

जोडपं आलं. नवरा दारातच उभा राहिला. काकांनी खिळ्यावरचा पेला काढला, गरम पाण्याचा नळ सोडला, पेला भरला. हात सवयीनं तोंडाकडे निघाला होता. तो त्यांनी वळवला आणि पेला त्या बाईपुढे धरला.

“तुम्ही सांगा ताई.”

तिनं पेला घेतला. वास घेतला, परत घेतला. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं गिऱ्हाइकं त्यांच्या चेहऱ्याकडे अशीच बघत आली असतील, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिनं एक घोट घेतला.

“गोड आहे,” ती म्हणाली आणि दुधाची बाटली काढून नळाखाली धरली.

गाडी फाटकाबाहेर पडली. तिकडं मेकॅनिक निळ्या पायपाची गुंडाळी करत होता, जरा उलटीच. काकांनी ते पाहिलं. आवारातल्या नळाशी जाऊन त्यांनी पेला विसळला, भरला आणि सावकाश पिऊन संपवला.

“कसं आहे?” बायकोनं विचारलं.

“थंड आहे,” काका म्हणाले, आणि पेला परत खिळ्याला न लावता तिच्या पिशवीत ठेवला.