खिडकीवरची फळी

जन्मभर गोदामाच्या दारावर बसलेल्या माणसाला निवृत्ती मिळते, पण पहारा काही सुटत नाही. बिल्डिंगमधले सगळे त्यांना चौकीदारच म्हणत. दाराला कड्यांवर कड्या, भोकाला भिंग, आणि खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचं दार सदा किलकिलं का असतं, याचा रोजचा घोर. बाईंचे गुडघे धरलेले. कुणी आलं की उठायला नको म्हणून त्या दार तसंच ठेवत. पण हे पटवायचं कुणी? संशयाला का कुठं औषध असतं!

अशा माणसाच्या बिल्डिंगला बाहेरून नवा अंगरखा चढवायचं ठरलं. हिवाळ्यात हीटर दिवसभर चालत आणि सगळी ऊब भिंतींतून निघून जाई. तेव्हा जुन्या भिंतींवर मोठाले पॅनेल बसवायचे. ते कारखान्यातून तयारच येणार, पोटात ऊब धरणारा जाड थर आणि नव्या खिडक्याही काचांसकट बसवलेल्या. क्रेननं उचलायचे आणि आवळायचे. कुणाला एक दिवसही घर सोडायला नको. सभेत लोक खूश झाले. चौकीदार मागून म्हणाले की, इतकं सरळ आहे म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

मग मापं घ्यायला माणसं येणार असल्याची सूचना लागली. रस्त्यावर तिवई लावून यंत्रानं सगळ्या भिंतीचं माप घेतील, तेव्हा खिडकीसमोर काही ठेवू नका, पडदेही बाजूला सारा. भिंतीच्या मापाला पडदा कशाला सारायचा? चौकीदारांना झोप लागेना. घरात काय काय आहे ते टिपून नेणार, दुसरं काय! त्यांनी शिडी लावून बायकोच्या खिडकीवर, म्हणजे घरातल्या एकुलत्या एका खिडकीवर, बाहेरून फळी ठोकली. फटीत पुट्टी भरली, वर भिंतीचाच रंग फासला. काम असं बेमालूम, की गवंड्यानं हात जोडावेत.

बायको रफूचं काम करायची. गावभरचे फाटके कोट तिच्याकडे येत आणि तिच्या हातून गेले की फाटलं कुठं होतं ते मालकालाही सापडत नसे. पण काळ्या कापडावर काळा दोरा दिव्याखाली दिसत नाही. त्याला दिवसाचा उजेड लागतो. म्हणून ती खिडकी म्हणजे तिचं दुकान, तिची मिळकत आणि तिचा जीव. ती चिडली. धूळ येईल गं, म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मापं घेणारे गेल्यावर फळी काढलीही.

पुढं या कामाच्या इंजिनिअरबाई घर आतून बघायला आल्या. बेल वाजली. चौकीदारांनी भिंगातून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"गप्प बस," ते बायकोच्या कानाशी म्हणाले. "थोडा वेळ वाजवतील आणि जातील."

त्या पुन्हा एकदा आल्या. तेव्हाही तेच.

पॅनेल आले त्या दिवशी चौकीदार सकाळपासून खाली अंगणात. चांगला माल दाखवून हलका चढवतील, बोल्ट कमी मारतील, म्हणून त्यांनी क्रेनवाल्यावरची नजर हलवली नाही. एकेक भिंत वर गेली, चपखल बसली. त्यांना एक खोट सापडेना आणि त्यामुळंच ते जास्त अस्वस्थ झाले.

तेवढ्यात बायको खाली आली, सुई अजून बोटांत.

"अहो, घरात काळोख झालाय."

त्यांनी मान वर केली. सगळ्या घरांना खिडक्या होत्या. त्यांच्या घराला सलग, गुळगुळीत, देखणी भिंत.

ते इंजिनिअरबाईंवर धावून गेले. बाईंनी शांतपणे यंत्रानं घेतलेलं चित्र दाखवलं. तिथं भिंतच होती. आम्हाला वाटलं, तुम्हीच खिडकी बुजवून घेतलीत, त्या म्हणाल्या. विचारायला दोनदा आलो, घरात कुणी नव्हतं. ऐन वेळी पॅनेल कापता येत नाही, आतले आधार तुटतात. नवा करून देऊ, पण हिवाळा संपल्यावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चौकीदार बायकोकडे वळले, पण ती जिन्यानं वर गेली होती.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं सुया, दोरे, कोट टोपलीत भरले आणि खाली मास्तरीणबाईंच्या खिडकीशी जाऊन बसली. मग रोजच जाऊ लागली. चौकीदार दिव्याखाली एकटे. खोली उबदार झाली होती, अगदी सांगितलं होतं तशी, आणि ती ऊब त्यांना खायला उठे. दोघी आपल्याबद्दल काय बोलत असतील? दार किलकिलं, कान दिला तर ऐकूही येईल. पण पाऊल उचलेना. पहिल्यांदाच त्यांना स्वतःची लाज वाटली.

शेवटी एका दुपारी त्यांनी चहा केला, किटलीत भरला आणि घरच्या सगळ्या कड्या उघड्या टाकून ते खाली गेले. माफी मागायची होती, शब्दही जुळवले होते. पाहतात तर मास्तरीणबाईंचं दार लावलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

त्यांनी हळूच टकटक केली. आत खुर्ची सरकली. भोकामागं सावली आली, थांबली, परत गेली. मग बायकोचा आवाज आला, दबका पण स्पष्ट.

"गप्प बसा, बाई. थोडा वेळ वाजवतील आणि जातील."

चौकीदारांनी पुन्हा दार वाजवलं नाही आणि ते गेलेही नाहीत. किटली मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले.