भिंत सोडून बीजिंग

आमच्या श्यामने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आईला बीजिंग दाखवायचं ठरवलं आणि बेतातून चीनची भिंतच काढून टाकली. राजवाडा होता, तळ्याकाठची बाग होती, जुन्या गल्ल्यांतून सायकलरिक्षाची फेरी होती. सगळं कसं सपाट. आग्र्याला जाऊन नुसता पेठा घेऊन परतावं, तसला प्रकार. आणि हे कुणाच्या नशिबी, तर माझ्या सासूबाईंच्या! त्यांनी नाशिकच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला आणि फळ्यावर ती भिंत काढता काढता खडू झिजवले.

"आईचं वय झालंय, तिथे फार पायऱ्या आहेत," हे श्यामचं कारण. खरं कारण मला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी सुट्टीत नाशिकला गेलो असताना सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढताना माझे सासरे, वसंतराव, छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. श्याम तेव्हा त्यांच्यासोबत होता. तेव्हापासून हा माणूस पायऱ्या चढत नाही. दोहाच्या मॉलमध्ये लिफ्ट बंद असली तर सरळ गाडीत येऊन बसतो. इथलं, कतारमधल्या दुखान गावच्या कंपनी वसाहतीतलं, आमचं घर बैठं आहे म्हणून निभावतंय. मी चिडते, मग माझं मलाच वाईट वाटतं.

सासूबाई आता आमच्याकडेच राहतात. त्या भांडल्या नाहीत. डॉक्टरकडून तपासून घेतलं, त्यांनी खुशाल जा म्हटलं. मग माझे जुने बूट पायात चढवून त्या रोज संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर जाऊ लागल्या. आमच्या वसाहतीत चढायला म्हणून काही असेल तर तिथल्या प्रेक्षकांच्या पायऱ्या. सोबतीला मला ओढायच्या. मी मध्यावरच धापा टाकत बसायचे आणि त्या वरून समुद्र बघून यायच्या. श्यामला हे सांगितलं की म्हणायचा, बघू, इन्शाल्ला. आमच्या घरात त्याचा अर्थ 'नाही' असा होतो.

शेवटी एका शुक्रवारी त्यांनी त्यालाच मैदानावर बोलावलं. मला चढताना बघ आणि मग काय ते ठरव, म्हणाल्या. तो आला आणि खाली कठडा धरून उभा राहिला. आईपेक्षा त्याचाच चेहरा उतरला होता. सासूबाई आपल्या चालीने चढू लागल्या, मध्यावर पोचल्या आणि चक्क बसल्या.

 श्याम म्हणाला, "खलास. आई, उतर खाली."

"मी दमलेली नाही," त्या वरून शांतपणे म्हणाल्या. "उतरते. पण तू मला न्यायला ये."

त्याने विनवण्या केल्या, मग रागावला, मग मला म्हणाला, तू जा. मी निघालेही होते, पण सासूबाईंनी मानेनेच नको म्हटलं. मी थांबले. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, खरंच सांगते. पोराचे हाल दिसत नव्हते का त्यांना?

बऱ्याच वेळाने त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. कठडा घट्ट धरून, आईवरची नजर न हलवता तो चढत गेला. पोचला तेव्हा घामाने निथळत होता. तिच्या शेजारी मटकन बसला. मीही मागोमाग गेले.

"मी परत फिरू म्हटलं असतं, तर बाबा वाचले असते," तो म्हणाला. चार वर्षांत हे त्याने पहिल्यांदा तोंडाबाहेर काढलं. मलाही कधी सांगितलं नव्हतं.

"ते फिरले नसते," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर माझं ऐकलं नाही त्यांनी, तुझं ऐकणार होते? गड चढायला लागताना मला घरी फोन केला होता. श्याम आलाय बरोबर, म्हणाले. इतके खुशीत होते रे. तेवढंच कानात आहे माझ्या."

श्याम मान खाली घालून रडला. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी दुसरीकडे बघत होते, कारण माझंही तेच चाललं होतं.

"जाऊ दे ती भिंत," थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या. "तू इथवर चढलास, मला पुष्कळ झालं."

श्यामने बाहीने तोंड पुसलं आणि वर बघितलं.

"जाऊ दे काय?" म्हणत तो उठला आणि त्याने आईपुढे हात केला. "निम्म्या पायऱ्या राहिल्यात अजून."