भरलेलं मडकं

गावंडे सरांच्या नोट्स पांढुर्ण्यात घरोघरी होत्या. असं कुणी म्हटलं की सरांना बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं लपवायची तसदी ते घेत नसत. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी घेतलेली पोरं मूळ पुस्तकं क्वचितच विकत घेत. सरांच्या सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स मात्र थोरल्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे जात, चहाचे डाग झेलत आणि परीक्षेच्या तोंडावर पुन्हा डिंकाने चिकटवल्या जात. जुन्या नाटकातला राजा कोणत्या दोषापायी बुडाला, वादळ कशाचं प्रतीक, मुकुट कशाचं, सगळं आकडे घालून मांडलेलं असे. पाठ करायला एकदम सोपं.

त्यातही एका आफ्रिकन कादंबरीवरच्या नोट्स सरांच्या विशेष लाडक्या होत्या. नदीकाठच्या गावातली एक विधवा म्हातारी. मुलगा दूर खाणीत कामाला गेलेला, त्याचं पत्र नाही की निरोप नाही. तो जन्मला तेव्हा तिने अंगणात संत्र्याचं झाड लावलेलं असतं आणि रोज सकाळी ती त्याला मडकंभर पाणी घालते. शेवटच्या प्रकरणात ती पाणी घालणं थांबवते. पानं पिवळी पडून गळायला लागतात, म्हातारी मडकं जवळ घेऊन दारात बसते आणि पुस्तक संपतं. सरांनी लिहिलं होतं: झाड म्हणजे मुलगा, पाणी म्हणजे आईची माया, आणि रिकामं मडकं म्हणजे संपलेली आशा.

ही वाक्यं त्यांनी चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात लिहिली. त्याच दिवाळीनंतर त्यांची आई, देवकाबाई, गेली होती. तेरवीच्या दिवशी, पंगत बसायच्या आधी, मधुकर गावंडे चारचौघांत आपल्या बापाला म्हणाले होते, "वेळेवर नागपूरले नेलं असतं तर माय वाचली असती." त्या दिवसापासून रघुनाथराव आणि मधुकर या बापलेकांचं बोलणं बंद झालं ते बंदच. पूर्वी हंगामात गावाहून, लोधीखेड्याहून, बसच्या टपावर संत्र्यांची पाटी यायची, तीही यायची थांबली. बापाने आपल्याला मनातून काढून टाकलं, असा अर्थ सरांनी लावला आणि पुन्हा तपासून पाहिला नाही. आठवण मात्र यायची, फार यायची. बाजारात संत्र्यांचा ढीग दिसला की ते रस्ता बदलत.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत सरांनी चाचणी घेतली. एकोणतीस पेपरांत रिकामं मडकं आलं आणि तिसाव्यात घोटाळा झाला. तो पेपर चंद्रकलाचा होता. तिचे वडील गुणवंता लोकांच्या संत्राबागांत मजुरी करत, आणि ती स्वतः संध्याकाळी बुद्धविहारात लहान मुलांचा अभ्यास घेई. पोरगी हुशार, पण तिने लिहिलं होतं की म्हातारी निराश नाही, ती वाट पाहते आहे. सरांनी वीसपैकी चार गुण दिले आणि शेरा मारला: पुस्तक नीट वाचा.

पेपर वाटून झाल्यावर चंद्रकला उभी राहिली.

"सर, मी पुस्तक वाचलं जी. दोनदा वाचलं."

"मग झाड वाळतंय ते दिसलं नाही?"

"दिसलं. पण ते वाळून नाही राहिलं सर. म्हातारी त्याले ताण देऊन राहिली."

वर्गात हसू पिकलं आणि अर्ध्यातच थांबलं. अर्धा वर्ग बागाईतदारांच्या पोरांचा होता. डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडतात, झाड पिवळं पडतं, पानं गाळतं, नवख्या माणसाला वाटतं की गेलं. मग जानेवारीत पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी भरून जातं. हा ताण दिल्याशिवाय बहार धरत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावंडे सर तर संत्र्याच्या बागेतच वाढलेले. चार वर्षं शिकवताना हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण शाळेत पहिलं इंग्रजी पुस्तक हाती आलं तेव्हाच त्यांनी बाग घरी ठेवून दिली होती.

"आफ्रिकेत ताण देतात हे कोणं सांगितलं तुले?" रागाच्या भरात सरांच्या तोंडून गावची बोली निघाली.

"कोणंच नाही. पण मडकं भरलेलं हाय ना सर. ज्याले पाणी द्यायचंच नाही, तो मडकं भरून जवळ काहून ठेवीन?"

"मडकं रिकामं आहे."

"नोट्समध्ये रिकामं हाय जी. पुस्तकात भरलेलं हाय."

सरांनी टेबलावरचं पुस्तक उघडलं ते तिला खोटं पाडायलाच. शेवटचं पान काढलं. मडकं काठोकाठ भरलेलं होतं, त्यात एक पिवळं पान तरंगत होतं, आणि म्हातारीचा हात मडक्याच्या काठावर होता. सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. आईला जाऊन महिना झाला असताना त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं होतं, आणि चार वर्षं शंभरावर पोरांनी ते पाठ केलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

तास संपल्यावर त्यांनी चंद्रकलाला व्हरांड्यात थांबवलं. तिचा पेपर मागून घेतला, चाराचे सोळा केले, शेरा खोडला आणि त्याखाली लिहिलं: वाचलं.

"मंग परीक्षेत काय लिहू सर? पेपर तपासणारे दुसरे राहतात."

"भरलेलं मडकं लिही. पुरावा द्यायला विसरू नको." सर घुटमळले. "तुझे बाबा ताण किती दिवस देतात?"

हे त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

"भारी जमिनीले दीड-दोन महिने. त्याच्यावर गेला का फांद्या वाळते, झाड हातचं जाते. बाबा म्हणते, पाणी कधी सोडायचं ते झाड नाही सांगत, माणसालेच पाहा लागते."

शनिवारी सरांनी लोधीखेड्याला जायला सावसरची बस धरली. बस जामसांवलीला जाणाऱ्या भाविकांनी खचाखच भरलेली होती, सर एका नारळाच्या पिशवीला खेटून उभे होते, आणि त्यांच्या मनात नव्या नोट्स तयार होत होत्या. खोड जात नाही ती अशी. बापाचं न बोलणं म्हणजे ताण. न आलेली पाटी म्हणजे ताण. बाप आपल्याला टाकून बसलेला नाही, वाट पाहतो आहे. सावसरला बस बदलेपर्यंत हा अर्थ त्यांना इतका पटला की त्यांनी बोलायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.

रघुनाथराव बागेतच होते. झाडं पिवळी पडली होती, खाली पानांचा सडा होता. पाटाच्या कडेला फावडं घेऊन उभा असलेला बाप चार वर्षांत बराच वाकला होता. ते पाहून मधुकरची निम्मी वाक्यं जागीच विरली.

"आला का," रघुनाथराव म्हणाले.

"बाबा, मले वाटलं तुम्ही मले टाकूनच देलं. तुम्ही ताण देऊन राहिले होते, हे मले समजलंच नाही."



"ताण? मी काहून देऊ तुले ताण?" रघुनाथरावांनी फावडं जमिनीत टेकवलं. "तू बोलला ते खरंच होतं. उशीर माह्याच हातून झाला. तिले ताप अंगावर काढू देला मी, कापूस वेचणी चालू होती म्हणून. मंग तुले तोंड कसं दाखवू?"

"पाटी धाडणं काहून बंद केलं मंग?"

"भरत होतो ना. दरसाल भरत होतो. बसपर्यंत नेत होतो, टपावर चढवाच्या वक्ती हिंमत होत नव्हती. तू परत धाडली तर? मंग तशीच घरी आणत होतो." पंच्याच्या टोकाने त्यांनी तोंड पुसलं. "मले तं वाटे, ताण तूच देऊन राहिला. चार वर्सं झाले. म्हटलं, आता झाड काही राहत नाही."

मधुकरने चार वर्षांत दुसऱ्यांदा चुकीचं वाचलं होतं, आणि या वेळी हातात पुस्तकही नव्हतं. तो रडला. बापाच्या समोर, भर दुपारी, बांधावर उभा राहून रडला, आणि रघुनाथराव त्याला थांबवायला गेले नाहीत. मग त्यांनी फावडं त्याच्या हातात दिलं.

"आजच पाणी सोडाचं होतं. पाट फोड."

मधुकरने पायातले बूट काढून बाजूला ठेवले आणि पाटाची माती ओढली. हात विसरले नव्हते, पण घाई झाली. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात भसकन शिरलं.

"हळू," मागून रघुनाथराव म्हणाले. "पयलं पाणी हलकंच द्या लागते."