मारुतीपुढचा गोटा

शके सतराशे पंच्याऐंशीच्या दसऱ्याला कापसाचा भाव चौपट झाला आणि अमरावतीतल्या माणसांना स्वतःची सावलीही दुप्पट दिसू लागली. समुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई चालू होती. तिथला कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून आमचा जात होता. अंजनगाव, अचलपूरकडून गाड्यांची रांग लागे. पहिल्या गाडीचे बैल रवंथ करत बसले तरी शेवटची गाडी शिवेबाहेरच असे. इतकं पांढरं एका जागी मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी भगवंतरावांचा मुनीम. त्यांच्या आवारात गाठी दाबायचा लाकडी पेच होता. सहा गडी आडव्या दांड्याला छाती लावून गोल फिरत, तशी वरची फळी कापसावर उतरे.

बाजाराची जुनी रीत अशी, की गाडीमागे एक पासरी, म्हणजे पाच शेर, कापूस पंचांच्या धर्मकोठीत पडे. गडी जखमी झाला तर बरा होईस्तोवर त्याचं घर मालकानं पोसायचं. पण दोष गड्याच्या अंगात आधीपासून असला, तर निम्मा खर्च कोठीनं सोसायचा. पूर्वी त्या कोठीत उंदीरही फिरकत नसे. आता कापूस छपराला टेकला, आणि मालकांना आपले गडी मुळात किती मोडके होते ते आठवू लागलं. माझ्याच वहीवरून पाहावं तर साऱ्या गावात धड माणूस एक नाही. कुणाला जुना वात, कुणाला जुनी उसण.

दिवाळीनंतर बाजाराच्या पंचांनी नियम बदलला. मालकाच्या शब्दावर सूट बंद. गड्यानं स्वतः पंचांपुढे दोष कबूल करायचा. केला, तर निम्मा नाही, सगळाच खर्च कोठीचा. मालक खूश झाले. कबूल करणाऱ्याला पुन्हा कुणी पेचावर उभं करणार नाही, एवढं मात्र नियमात लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

आठच दिवसांत आमच्या पेचाचा दांडा सुटून उलटा फिरला आणि पुंजारामचा उजवा पंजा खांबाशी चिरडला. वैदू म्हणाला, तीन महिन्यांनी हात पुन्हा काम धरेल. म्हणजे तीन महिन्यांची ज्वारी, मीठ-मिरची आणि वैदूचे सहा रुपये. भगवंतरावांनी त्याच महिन्यात साठ रुपयांचा चांदीचा हुक्का घेतला होता, पण सहा रुपये त्यांच्या घशाखाली उतरेनात.

मला घेऊन ते पुंजारामच्या झोपडीवर गेले.

"पुंजाराम, पंचाइले सांग, कमरेत जुनी लचक होती, म्हनून दांडा सुटला. तुले काय, पोटाले सारखंच भेटते."

"अन् हात बरा झाल्यावर, मालक? लचकवाल्याले पेचावर कोन ठेवन?"

"मी हावो ना!"

चुलीपाशी बसलेली त्याची बायको रुख्मिणी वळली. "तुमी दसऱ्याले गोटा तरी उचलाले लावला का, मालक? तवा इचारलं असतं तं आता इचारा लागलं नसतं."

बाजारातल्या मारुतीपुढे एक काळा गोटा आहे. दसऱ्याला तो खांद्यावर घेईल त्याच्या अंगात दोष नाही, त्यालाच पेचाचं काम, ही वाडवडिलांची रीत. पुंजारामनं तो पाच दसरे उचलला होता. यंदा गाड्या इतक्या तुंबल्या, की कुणी गोट्याकडे पाहिलंच नाही.

परतताना भगवंतराव म्हणाले, "मुनीमजी, लिहून ठेवा. कमरेत जुनी लचक. उद्या तो कबूल करते." मी लिहिलं. माझं अक्षर सुरेख आहे. खोटंही सुरेख आलं.

दुसऱ्या दिवशी पंच मारुतीच्या पारावर बसले. थोरले पंच केशवराव म्हणाले, "बोल बाबू. कमरेत दोष हाय का?"

पुंजारामनं पागोटं उतरवून रुख्मिणीच्या हाती दिलं, उजवा हात फडक्यानं छातीशी आवळून घेतला आणि गोट्यापुढे जाऊन बसला.

"एका हातानं? याले भूत लागलं का काय!" भगवंतराव हसले. बाजारही हसला.

डाव्या हातानं त्यानं गोटा मांडीवर ओढला. हसू विरलं. मांडीवरून डाव्या बरगडीवर आला तेव्हा गाडीवाले कासरे सोडून उभे राहिले. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठल्या, पाय जमिनीत रुतले, आणि त्याची कमर, माझ्या वहीत लचकलेली ती कमर, मंदिराच्या खांबासारखी सरळ होत गेली. गोटा खांद्यावर बसला. मी हात जोडले होते, ते मला नंतर कळलं.

"कावून उभे हा?" रुख्मिणी पंचांना म्हणाली. "सांगा त्याले, ठेव म्हना खाली!"

"दोष न्हाई," केशवराव म्हणाले. "खर्च मालकाचा."

माणसं पांगल्यावर मी वही घ्यायला पाराकडे परतलो. भगवंतराव गोट्यापाशी एकटेच होते. धोतर खोचून, दोन्ही हातांनी. गोटा तसूभर हलला नाही. मला पाहून ते सावकाश सरळ झाले आणि खोचलेलं धोतर सोडू लागले.

"मुनीमजी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "ते लचकीचं खोडून टाका. अन् ज्वारी नवी पाठवा, कीड लागलेली नको. त्याची जागा पेचावर रिकामी ठेवा."

मी खोडलं. त्या पानावर तेवढीच एक रेघ वाकडी आली आहे.