मी दूध पीत नाही हो!

मित्रांनो, ओरडू नका आणि काठीही शोधू नका. मी एक धामण आहे. अंगानं लांब, वयानं म्हातारी, आणि विषाच्या नावानं शून्य. मुर्री गावातल्या बकारामभाऊंच्या गोठ्यात, भिंतीखालच्या उंदराच्या बिळात मी राहते. बिळाचा मूळ मालक मीच खाल्ला.

माझा जन्म धानाच्या बांधीच्या धुऱ्यात, म्हणजे भातखाचराच्या बांधात झाला. आमच्यात लाडबीड काही नसतात. अंड्यातून बाहेर पडलं की आपलं पोट आपणच भरायचं. लहानपणी बेडकांवर भागवलं, मोठी झाले तशी धानाच्या पोत्यांमागचे उंदीर धरू लागले. मांजर बिळाबाहेर वाट बघत बसतं. मी सरळ आत जाते.

बकारामभाऊंचे वडील बिसरामबाबा होते तेव्हा माझी कदर होती. कोणी काठी उचलली की ते म्हणायचे, "राहू द्या बापा तिले. मांजर तं चुलीपाशी झोपून राहते. घरात कामाची हेच एक हाय." बाबा गेले आणि माझ्या बाजूनं बोलणारं कोणी उरलं नाही.

तेव्हापासून काय काय ऐकून घेते म्हणून सांगू! कोणी म्हणतं, मी नागाची बायको. अहो, नागाची जात वेगळी, माझी वेगळी; आमच्यातले नर काय मेले आहेत? कोणी म्हणतं, शेपटीत काटा आहे. कोणी म्हणतं, साप बहिरा असतो. बाहेरून कान दिसत नाहीत एवढंच. जमिनीचा हादरा मला कळतो आणि ऐकूही येतं. ऐकू येतं म्हणूनच तर डोकं फिरतं.

या पावसाळ्यात मी बिळात अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळं करून बसले. पिल्लं बाहेर यायला थोडेच दिवस उरले होते, नेमकं तेव्हाच बकारामभाऊंच्या गाईचं दूध कमी झालं. सडांवर ओरखडे दिसले. शेजारचे श्यामलाल आले, वाकून पाहिलं आणि निकाल देऊन मोकळे झाले.

"बकारामभाऊ, धामण दूध पिऊन राहिली. गाईच्या पायाले विळखा घालते न् सडाले तोंड लावते. बिळात मिरचीचा धूर करा, आतच मरते."

चोखायला मऊ ओठ लागतात, गाल लागतात! माझ्याकडे दोन्ही नाहीत. दात आहेत ते सुईसारखे, आत वळलेले. ते सडाला लावले तर गाय गुमान उभी राहील? एका लाथेत माझं कंबरडं मोडेल. पण सांगू कुणाला? बकारामभाऊ गोवऱ्या आणि वाळल्या मिरच्या घेऊन आलेसुद्धा. मी पळू शकत होते, अंडी पळू शकत नव्हती. ती तोंडात धरून नेता येत नाहीत, आणि उलटीपालटी झाली तर आतलं पिल्लू मरू शकतं. मी हलले नाही.

"थांबा ना जी," त्यांची बायको प्रेमिलाबाई मध्ये पडल्या. "गाईले दोन दिवस श्यामलालभाऊच्या कोठ्यात बांधू. तेथं सिमेंटची जमीन, लोखंडी दार. धामण आत जाईन कशी? दूध वाढलं तं खुशाल धूर करा."

"कायले टाइम घालवून राहिली?" बकारामभाऊ खेकसले.

"पाहू तं द्या एकदा."

गाय श्यामलालच्या गोठ्यात गेली. दूध वाढलं नाही, उलट आणखी आटलं. तेव्हा कुठे ढोरांचा डॉक्टर आला. त्यानं सड पिळला तर गुठळ्या निघाल्या. कास सुजली होती आणि ओरखडे होते बोरीच्या काट्यांचे. "मंग लोकं काऊन असं म्हणतेत?" एवढंच बोलून श्यामलाल निघून गेले. माझी माफी कोणी मागावी?

मागितली. प्रेमिलाबाईंनी मागितली, आणि तिथंच घात झाला! बाईंना इतकं वाईट वाटलं की शेजारून दूध मागून आणलं, भरलेली वाटी थेट माझ्या बिळाच्या तोंडाशी ठेवली आणि हात जोडले. "गलती झाली माय. पी पोटभर."

आता काय बोलावं? मी दूध पीत नाही हे जिनं स्वतः पडताळून पाहिलं, तीच मला दूध पाजते आहे! वाटी कलंडली. दूध बिळाच्या तोंडाशी सांडलं. आम्ही वास जिभेनं घेतो. माझ्या जिभेला आधी दुधाचा वास लागला, मग लाल मुंग्यांचा. आमच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं असतं. बाहेर येताना पिल्लू त्याला आतून चीर पाडतं आणि दमून तसंच थोडा वेळ आत पडून राहतं. तेवढ्यात मुंग्या चिरेतून आत शिरल्या तर पिल्लाचं काही खरं नाही. आज सकाळी पहिल्या अंड्याला चीर पडली आहे.

मित्रांनो, काठी खाली ठेवलीत, धूर केला नाहीत, उपकार झाले. माया करायची तर आधी समोरच्याला काय चालतं ते बघावं, एवढंच माझं म्हणणं. प्रेमिलाबाई चांगल्या आहेत हो, पण त्यांना कोणीतरी हाक मारा. ती वाटी उचला, तिथं चुलीतली राख टाका. लवकर करा, मुंग्या आत आल्या आहेत.