लांबच्या काकांची टाच

दर रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब विचारतात, "आणखी कोणासाठी प्रार्थना करायची?" आणि माझ्या जिभेला खाज सुटते. एकदा उठलो आणि दिलं ठोकून, "माझ्या लांबच्या काकांसाठी. बिचाऱ्यांचा डावा पाय आखूड पडलाय."

असले काका मला नाहीतच. पण मंडळींनी डोळे मिटून असा धावा केला, की हसू दाबायला मला रुमाल तोंडात कोंबावा लागला. मागच्या बाकावरच्या शिक्षिकाबाई तर रडल्याच. "प्रभू, त्यांच्या बायकोलाही धीर दे," म्हणाल्या. घ्या! काकांचं लग्नही लागलं.

मग दर रविवारी काका. बाई त्यांच्यासाठी सूपचा डबा द्यायला लागल्या. तो मी माझ्या बूटदुरुस्तीच्या दुकानात बसून चापायचो. शेवटी एका शनिवारी बायको कावली.

"एक तर त्या काकांना आणून दाखवा, नाहीतर संपवा एकदाचं. मला बाईंच्या तोंडाकडे बघवत नाही."

"बरं, उद्या मारतो," मी चहाचा घोट घेत म्हणालो. "झोपेतच जातील. उगाच त्रास नको माणसाला."

त्याच दुपारी दुकानात सोल चिकटवत होतो, तर कोणीतरी समोर बूट ठेवला. एकच, डावा. टाचेखाली दोन बोटं जाड लाकडी ठोकळा.

"हा काढून टाका," तो माणूस म्हणाला. "आता लागत नाही."

मान वर केली. नाक माझ्या वडिलांचं. कान थेट माझे.

"पाय बरा झाला वाटतं?"

"रविवारी रविवारी थोडा लांब होतो."

हातातली पक्कड माझ्याच पायावर पडली. तरी हसलो. "बायकोने पाठवलं ना तुम्हाला? माझीच फिरकी घेता होय?"

"माझी बायको घरी आहे. गुणी आहे हो. फक्त आमचं लग्न कधी झालं, ते दोघांनाही आठवत नाही."

मी ठोकळा उपटला. खिळे पार गंजलेले. बूट घालून तो दारापर्यंत सरळ चालत गेला आणि वळला.

"उद्या झोपेत, असं म्हणालात ना?" आवाजात राग नव्हता. "मग तिला काय सांगू, तेवढं सांगा."

त्याच्याकडून मजुरी घ्यायचंही मी विसरलो. मी!

रविवारी बायकोने कोपराने ढोसलं. "उठा. संपवा." मागे शिक्षिकाबाई मांडीवर डबा घेऊन कान टवकारून बसलेल्या.

उठलो. "काका चालायला लागलेत," मी म्हणालो. "पण प्रार्थना थांबवू नका. पाया पडतो, कोणीच थांबवू नका."

"सुधारणार नाहीत," बायको पुटपुटली.

एरवी प्रार्थनेत माझा एक डोळा उघडा असतो, कोण डुलक्या घेतंय ते बघायला. त्या दिवशी दोन्ही गच्च मिटले आणि जन्मात पहिल्यांदा मनापासून मागितलं, प्रभू, त्यांना राहू दे.

मागून बाईंचा आवाज आला, "प्रभू, त्यांच्या घरात आता लेकराचं हसणं ऐकू येऊ दे."

"आमेन," सगळ्यांच्या आधी मी म्हणालो.

दाराजवळून कोणी अनोळखी बाई हळूच म्हणाली, "आमेन."

डोळे उघडायची माझी छाती झाली नाही.