सहाऐवजी चार

सातव्या महिन्यात छकुलीचं वजन पाच किलो आठशेवर अडून बसलं, ते महिनाभर हललंच नाही. दवाखान्यात नर्सने वजनाच्या तक्त्यावरची आडवी झालेली रेघ दाखवली. छकुलीच्या आईने नुसती मान डोलावली. लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करून डोकं बधिर व्हायचं, तसंच आताही झालं होतं.

घरी सासूबाई म्हणायच्या, "माझी चारही पोरं बाळसेदार होती." नवरा म्हणायचा, "होईल गं." तिला ते सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू यायचं. छकुली बाटली संपवायची, तासाभरात पुन्हा किरकिरायची आणि बटाटा भरवायला घेतला की तोंड फिरवायची.

"बाटलीतलं दूध कसं बनवतेस? इथेच करून दाखव," नर्स म्हणाली.

तिने एकशेऐंशीच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, डब्यातली दुधाची पावडर घातली. चार चमचे. झाकण लावलं.

"चारच? एवढ्या पाण्याला सहा लागतात. डब्यावर लिहिलंय."

"चौथ्या महिन्यात हिला उलट्या होत होत्या. शेजारच्या ताई म्हणाल्या, जरा पातळ कर." तिने चमचा डब्यात ठेवला. "मग ते तसंच राहिलं."

आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. डॉक्टरांनी बाळाला तपासलं. नर्सने सांगितलं, आजपासून पूर्ण माप; बटाटा कुस्करून छकुलीच्या हातात द्यायचा, तोंड फिरवलं की थांबायचं.

तिने घरी जाऊन सगळं सांगितलं. "बाटल्या तर रोज मीच धुते," सासूबाई म्हणाल्या. "माझंही लक्ष गेलं नाही."

तीन आठवड्यांनी दवाखान्यातला काटा सहा किलो तीनशेवर गेला. नवऱ्याला हसू आवरेना, सासूबाईंनी डोळे पुसले. ती झबल्याचे बंद बांधत राहिली.

नर्सने त्या दोघांना बाळासकट बाहेर बसवलं. "आणि तू कशी आहेस?"

"ठीक."

नर्सने हातातला तक्ता बाजूला ठेवला.

"मला काही वाटतच नाही," ती म्हणाली. "वजन वाढलं तरी नाही. बाळ झाल्यापासूनच असं आहे."

"बाळंतपणानंतर हे पुष्कळ बायकांना होतं. उपचार आहेत. गुरुवारी डॉक्टरांकडे येशील?"

गुरुवारी लाँड्रीतून अर्धी सुट्टी काढून ती गेली. वाटेत काहीच वाटत नव्हतं, तरी गेली.